मजल्याच्या सहा इंच खाली

तेहतीस वर्षं मी क्लीव्हलंडच्या लिफ्ट दुरुस्त केल्या.
लिफ्ट बिघडल्याचं दोर तुटल्यावर कळत नसतं,
त्याच्या खूप आधी कळतं.
दार उघडतं आणि मजला सहा इंच वर असतो.
माणूस ठेचकाळतो,
'सॉरी' म्हणतो, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसतं.

'स्पेअर टायर शो'चं तसं झालंय.
विनोद झोकात निघतो, घंटा वाजते,
दार उघडतं
आणि समोर भिंत.
मग नटच एकमेकांकडे बघून फिस्सकन हसतात,
बँड वाजतो,
गुडघ्यांच्या मलमाची जाहिरात.

सत्त्याहत्तर सालापासून बघतोय.
दोनच शुक्रवार चुकले.
एकदा हिमवादळात वीज गेली होती,
एकदा डेल जन्मला.
(डेल जन्मला त्या रात्रीचा भाग फार चांगला झाला म्हणे.
लेस्टरने तो मला दहा वर्षं ऐकवला.)

आता विनोद सांगून झाला की समजावूनही देतात,
पोटभर जेवल्यावर कुणी पाककृती वाचून दाखवावी तसा.
राष्ट्राध्यक्षाचा टोप घालून कुणीतरी येतं
आणि टाळ्या पडतात.
टोपाला!
माणसाने अजून तोंडही उघडलेलं नसतं.

हक डिलेनी न्हावी व्हायचा तेव्हाची गोष्ट.
दिवसातलं एकच गिऱ्हाईक, आणि तेही टकलं.
हक कात्री उचलायचा,
डोक्याकडे बघायचा,
आणि गप्प.
चार सेकंद.
टीव्हीवर चार सेकंद म्हणजे अख्खा हिवाळा.

मागच्या आठवड्यात नात राहायला आली होती, टीगन.
एक नवी पोरगी पडद्यावर वॉशिंग मशीनची माफी मागत होती,
मनापासून, गुडघे टेकून.
टीगन सोफ्यावरून खाली घसरली.
खोटं हसणं मला ओळखू येतं,
लिफ्टमध्ये साहेबासोबत हसणारे खूप पाहिलेत.
हे खरं होतं.
काय एवढं, म्हटलं.
ती समजावून सांगू लागली.
म्हटलं, नको.

ती गेल्यावर तळघरातून जुनी टेप काढली.
न्हावी. कात्री. टक्कल.
स्टॉपवॉच हातात धरूनच बसलो,
धंद्याची सवय.
अडीच सेकंद.
रिवाइंड केलं. पुन्हा अडीचच.

उरलेला दीड सेकंद कुठून यायचा?
आर्लीनला हसू फुटण्याआधी
तिच्या खुर्चीची स्प्रिंग कुरकुरायची.
ती खुर्ची आम्ही डेलच्या गॅरेजमध्ये टाकली.

यावर कुणी मला म्हणू नये की
एमेट, तू म्हातारा झालास, एवढंच.
झालोच आहे.
आणि कार्यक्रमही बिघडलाय.
एकाच लिफ्टमध्ये दोन दोष असतात,
असे अहवाल मी ढिगाने लिहिलेत,
खाली सही करून.

शुक्रवारी साडेअकराला बसतोच,
दार उघडायच्या वेळी
पाय जरा वर उचलून.

ती वॉशिंग मशीनवाली मात्र बरी आहे.
थांबते ती.
लेस्टर असता तर फोन करून सांगितलं असतं,
आणि तो म्हणाला असता,
हकची सर नाही.