पुढ्यात उभारू नको

पहिल्याच दिवशी सातेरीमामांनी
कानातली बाळी काढायला लावली.
"चमकलं की टोचतंय ते."

मग म्हणाले, पुढ्यात उभारू नको.
इमूची लाथ मागं जात नाही गाढवासारखी,
पुढं येते, वरून खाली,
नांगराच्या फाळागत.
बगलेनं जा. दांडकं उंच धर,
आपल्यापेक्षा उंच दिसलं की बिचकतंय.
आणि मादी गळा फुगवून घुमायला लागली
तर बादली तिथंच टाक, ये.

एवढं बोलून लुंगी वर केली.
मांडीवर वीतभर शिवण.

कंपनीचा माणूस आला बेळगावहून,
मनगटात सोनेरी घड्याळ,
फोटोसाठी बरोब्बर पुढ्यात उभारला.
मी मामांकडं बघितलं.
मामा तंबाखू मळत होते.

त्याच हिवाळ्यात कंपनी बुडाली.
खाद्य संपलं.
रात्री कुणीतरी जाळी उघडली;
कडीला तंबाखूचा वास होता.

सकाळी कडोलीच्या कोबीच्या रानात
एकटाच उभा, धुक्यात,
माणसाएवढा.
मी शर्टाची गुंडी मुठीत झाकली,
बगलेनं गेलो.
त्यानं मान वळवून
माझ्या बादलीत बघितलं.
बादली रिकामी होती.

लाथ मारली नाही.
नुसता बघत राहिला.

तेव्हा काय करायचं,
ते मामांनी सांगितलं नव्हतं.