पंधरा गोळ्या

हर्सूलच्या फाटकातून तू साडेदहाला निघालास.
हातात पिशवी, पिशवीत एक सदरा,
वेल्डिंगचं सर्टिफिकेट आणि डबी.
डबीत कापूस कोंबलेला.
मी विचारलं, कापूस कशाला?
"वाजते ताई. बराकीत समद्यांला ऐकू जातं."

मी मोजल्या. पंधरा.
म्हणजे पंधरा रात्री, नऊ वाजता एक.
सहा वर्षं तुला सरकारनं मोजलं,
सकाळी, संध्याकाळी, कुलूप लावण्याआधी.
आता तूच मोजायचंस,
आणि चुकलास तर
शिट्टी वाजवणारं कुणी नाही.

कागदावर मावेल ते मी लिहून आणलं होतं:
परभणी, सरकारी दवाखाना, एआरटी सेंटर,
कुठल्या खिडकीशी थांबायचं, कुणाचं नाव घ्यायचं.
न मावणारं एसटीत सांगितलं.
"मलाही आहे, मुंजाजी. अकरा वर्षं झाली."
तू खिडकीबाहेर बघत राहिलास.
बदनापूर मागं पडल्यावर म्हणालास,
"तुमच्याकडं बघून वाटत न्हाई."
वाटू नये म्हणूनच तर गोळी.

चौदा. तेरा.
भावानं ओसरीवर बाज टाकून दिली.
ताटली वेगळी, नवी, स्टिकरसुद्धा न काढलेली.
भावजय वाईट नव्हती,
तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.
मी सांगितलं, तिनं पदर सावरत सगळं ऐकलं,
चहा केला, मलाही दिला.
ताटली तेवढी वेगळीच राहिली.

गंगाखेड रोडवर एकानं सर्टिफिकेट
उन्हात धरून शिक्का वाचला.
"हात चांगला असंल हो, पण गिऱ्हाईक इचारतंय."
दुसऱ्यानं पोलिसांचा दाखला मागितला.
पुढच्या दुकानांत तू सर्टिफिकेट काढलंच नाहीस,
मग ते विचारायचे, सहा वर्षं होतास कुठं?

सहा उरल्या तेव्हा सेंटरवर कळलं,
तुझं नाव आलेलंच नाही.
चार फोन झाले.
तिकडं फाइल होती, मुंजा नावाची.
इकडं माणूस होता, मुंजाजी नावाचा.
मधल्या मधे एक 'जी' हरवला होता.
"तिथं कोन जी लावतंय," तू म्हणालास
आणि पहिल्यांदा हसलास,
मग बाकावर बसून राहिलास बराच वेळ.
अनुसया मॅडमनी चष्मा वर केला,
पेननं 'जी' जोडला, बाजूला सही ठोकली,
महिन्याच्या गोळ्या काढून दिल्या.
"कागद येईल तेव्हा येईल. गोळी थांबत नसते."

मोईनभाईंनी शिक्का बघितला नाही.
उन्हाळा तोंडावर, कूलरच्या चौकटी गल्लीपर्यंत आलेल्या,
दोन पोरं काम सोडून पुण्याला गेलेली.
एक टाकी पुढं सरकवली: हा कोपरा मार.
तू मारलास. त्यांनी पाणी भरलं,
बिडी संपेपर्यंत कोपऱ्याकडं बघत बसले.
थेंब नाही.

आजाराचं नाव सांगायला तू बांधील नाहीस,
हे मी तुला आधीच पढवलं होतं.
तरी तुझा आवाज अडखळला,
"महिन्यातून एक दिवस... दवाखाना."
"एक दिवस पैले बोल देना," मोईनभाई म्हणाले,
"पगार नहीं कटेगा. उसके बदले
रात को दो चौकट ज्यादा मार."
हा व्यवहार होता, उपकार नव्हता,
म्हणून तुला बरा वाटला.

मे महिन्यात मी आले तेव्हा
तू गल्लीतल्या नळावर हात धूत होतास,
नऊला दहा कमी.
डबी उघडलीस, कापूस काढलास,
गोळी घेतलीस,
कापूस पुन्हा आत दाबलास.
अजून? मी म्हटलं.
"असू द्या. पाऊस पडल्यावर
कूलर कोन घेतंय ताई?"

मला उत्तर आलं नाही.
वहीत एका लोखंडी कपाटवाल्याचा नंबर होता,
लावला.
तो उचलत नव्हता.
तू उभ्याउभ्या चौकटीवर बोट फिरवत होतास,
जोड कुठं राहिला का ते बघत.
मी पुन्हा लावला.