खडी

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत अकरा जणं बसलीत,
सोमवारी ज्यांच्या खिशावर बिल्ला लागणार.
बिल्ले माझ्यापुढे, बिस्किटांच्या जुन्या डब्यात,
झाकणावर बर्फातून धावणारी घोडागाडी,
आणि खिडकीबाहेर हर्मटान:
सहाराची धूळ, बोल्गाटांगाच्या आभाळात पिठासारखी चाळलेली,
सूर्य असा, की डोळे न मिचकावता बघावा.

हेडमास्तरांनी दिलेला कागद माझ्या हातात आहे.
नेतृत्वाचे गुण, एक ते चौदा.
सातव्यापर्यंत मी वाचत जातो.
न्याबा सगळं उतरवून घेतो, स्वल्पविरामासकट.
भोजनगृह त्याच्याकडे जाणार; आत्तापासूनच
आवाजात पळीचा खणखणाट आलाय.
सेफाला घंटा मिळालीय. ती विचारते,
पहाटे साडेचारला मला कोण उठवणार?
सगळे हसतात.
चौदा गुणांत याचं उत्तर नाही.

मी म्हणतो, न्याबा, तुझं ताट सगळ्यांत शेवटी.
आणि तोवर संपलं तर?
तर संपलं.
हे तो लिहून घेत नाही.

मग अतिपोका. पाण्याच्या टाकीची किल्ली तिच्याकडे.
मार्चमध्ये बोअरवेल आटायला लागली
की त्या किल्लीला किती वजन येतं,
हे तिला अजून ठाऊक नाही.
ती हात वर करते:
सर, कुणी ऐकलंच नाही, तर शिक्षा काय करायची?

कागदावर हा मुद्दा नाही.
मी झाकणावरची घोडागाडी बघत राहतो.

सव्वीस वर्षांपूर्वी हाच बिल्ला माझ्या खिशावर होता.
हीच टाकी. कुलूप तेवढं बदललंय.
पहिल्या वर्षाचा एक पोरगा
रात्री एक बादली चोरून भरताना सापडला.
मी त्याला खडीवर गुडघे टेकायला लावलं.
मी सांगेपर्यंत, म्हणालो,
आणि झोपायला गेलो.
रागाने नव्हे. विसरलो.
पहाटेच्या घंटेला तो तिथेच होता,
ओठ धुळीने पांढरे,
शेजारी बादली, काठोकाठ.
त्यानं घोटही घेतला नव्हता.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला,
असं मी स्वतःला सांगत आलो.
पण खडा रुतला होता तो
दुसऱ्याच्या गुडघ्यात.

हे सगळं मी त्यांना सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.
फक्त नाव गाळतो.
नाव घेता येत नाही, कारण हजेरीपटावर ते
अतिपोकाच्या नावाशेजारी लिहिलेलं आहे.

वीज गेलेली. पंखा थांबलेला.
न्याबाची पेन्सिल हवेत.
अतिपोका वही मिटते, सावकाश,
जणू आत काही झोपलंय.
मग विचारते,
सर, तुम्ही मोटरसायकल कुठे दुरुस्त करता?

बायपासवर तिच्या वडिलांचं गॅरेज आहे.
शाळेपासून दहा मिनिटं.
मी माझी गाडी नवरोंगोला नेतो,
तीस किलोमीटर, तीही कधीकधी ढकलत.

माझे बाबा थंडीत डावा गुडघा चोळत बसतात, ती म्हणते.
काय झालं विचारलं, तर म्हणतात,
शाळेतलं आहे.
शाळेनं बरंच दिलं मला.
आणि हसतात.

कुणी खोकतं. धूळ असते ना या दिवसांत.
तिच्या चेहऱ्यावर राग शोधतो मी,
तो सापडला असता तर सोपं गेलं असतं.
ती फक्त किल्लीसाठी हात पुढे करते,
आणि मी देतो.

सोमवारी बाबा येणार आहेत, ती सांगते, बिल्ला लावायला.
म्हणाले, पुढच्या रांगेत बसेन.

कडुनिंबाखाली खुर्च्या कोण मांडणार,
मी विचारतो, आणि मीच म्हणतो, मी.
न्याबा म्हणतो, सर, तिथे खडी आहे, खुर्च्या डुगडुगतात.
माहीत आहे, मी म्हणतो.
झाडून घेईन.

आठव्यापासून चौदाव्यापर्यंतचे गुण
राहूनच गेले.