सिंकखालचं भोक

निफाडला पारा सहावर, पेपरात आलं.
त्याच रात्री मखमलाबाद रोडच्या घरात
सिंकखाली खुडबुड.

तारेची घासणी कोंबली पाइपाभोवती,
वर पांढरं सिमेंट, अंगठ्यानं दाबून.
दाराच्या फटीला जुन्या टायरची पट्टी.
डांबरगोळ्या. बाजरीच्या डब्यावर वीट.

कौतिकबाई खैरनार म्हणाल्या,
मागची द्राक्षबाग तोडली ना, प्लॉट पाडले,
ते तरी जाणार कुठं?
मी म्हटलं, माझ्याकडं नको.

पहाटे भिंतीच्या आतून नखं.
म्हणजे आतच कोंडला.

चहा गार होईपर्यंत ऐकत बसले,
मग उलथन्यानं खरवडलं सगळं,
बाग होती तिकडचं दार उघडलं
आणि शाल ओढून बाजूला उभी राहिले,
चपला काढून.
आवाज नको.