मात्रा

तेइतुर तीन वर्षांचा. त्याच्या डोक्यावर
लाल पेन्सिलीनं एकवीस फुल्या मारायला
मला चाळीस मिनिटं लागतात,
कारण तो हसतो.
टेप थंड लागली की हसतो, पेस्टच्या वासाला हसतो,
माझा चष्मा ओढून काढतो नि त्यालाही हसतो.
हात फडफडतात
वाऱ्यावर वाळत टांगलेल्या माशांसारखे.
आकुरेरीत नोव्हेंबर. चार वाजता बाहेर रात्र.

मग पडद्यावर ते येतं:
उंच, संथ, सेकंदाला दोन-तीन,
चढणीवर दर लाटेला एक बारीकशी खाच,
शाई वाळायच्या आत कुणी बोट लावावं तशी.
हे अक्षर मी ओळखते.
बारा वर्षांपूर्वी एका मुलीचं असंच होतं,
तेव्हा कागदावर.
जनुकांचा अहवाल यायला अजून सहा आठवडे,
आणि मला बोलायची मुभा नाही.
त्याची आई, हाल्बेरा, विचारते, काय दिसतंय?
मी म्हणते, डॉक्टर सांगतील.
वीस वर्षं वापरून हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय
की हातात ठरत नाही.

पंधराव्या गुणसूत्रावर
आईकडून आलेलं पान गहाळ.
वडिलांचं आहे, पण मिटलेलं.
मेंदूत ते सगळ्यांचंच मिटलेलं असतं म्हणे.
ओद्दुर टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकतो.
टोपीची शिवण बोटांनी दोनदा मोजतो.

वसंतात नवं औषध, चाचणीतलं, पाठीच्या कण्यातून.
ते मिटलेलं पान उघडतंय का,
विचारायचं कुणाला?
तेइतुरकडे शब्द नाही. काना नाही, वेलांटी नाही.
म्हणून लाटेला विचारायचं.
दर महिन्याला मी तिची उंची मोजते.
मार्चात होती तेवढीच. एप्रिलात तेवढीच.
मे महिन्यात किंचित ठेंगणी.
मात्रा लागू पडत असावी, डॉक्टर म्हणतात,
'असावी'वर जोर देऊन.

हाल्बेरा त्याच्या केसांतली पेस्ट धुतेय.
पाणी म्हणजे त्याचा जीव की प्राण.
पाठमोरीच विचारते,
"लाट उतरली तर हसूही उतरेल का गं?"

डॉक्टर सांगतील, हे ओठांवर येतं
आणि तिथंच राहतं.
मी टॉवेल पुढं करते.
तो दोन्ही तळहात पाण्यावर आपटतो,
आम्ही तिघंही भिजतो, माझा चष्मासुद्धा.
याला तक्त्यात रकाना नाही.
ओल्या बोटांनी मी नुसती वेळ लिहिते:
रात्रीचे दहा वाजून वीस.
बाहेर अजून ऊन आहे.