उजवा कान आधी

पन्सलेच्या भोंग्यावर पिरित सुरू होतं साडेचारला,
त्याआधी मी उठलेली असते.
लहानपणी अप्पच्चींनीच लावलेली सवय:
नाव घ्यायचे नाहीत,
पायाचा अंगठा धरायचे फक्त.
आता मी त्यांचा धरते.
डावा. उजव्याला कळत नाही.

मग पाणी. रात्रभर तांब्यात राहिलेलं,
चमच्यानं, मान उचलून, घोट घोट.
ठसका लागू नये म्हणून
इस्पितळातून मिळालेली पावडर त्यात मिसळायची.
पोथीच्या ताडपत्रांत ही पावडर नाही.
मी मिसळते.

मग जीभ.
घासणीची पट्टी आजोबांच्या वेळची,
मधोमध झिजून चंद्रकोरीसारखी झालेली.
पंचेचाळीस वर्षं ह्या माणसानं
अख्ख्या मातलेला जीभ बाहेर काढायला लावली:
मिरीचे व्यापारी, बसचे कंडक्टर, शाळेतल्या मोठ्या बाई,
एकदा तर पोलिसांचे साहेब, टोपी मांडीवर घेऊन.
"काल उशिरा जेवलास," ते नुसतं बघून सांगत
आणि समोरचा चोरी पकडल्यागत हसे.
आज त्यांची जीभ एका अंगाला कलते.
तिच्यावर काय लिहिलंय
ते वाचायला मला कुणी शिकवलं नाही.

शिकवलं निशंकाला.
निशंका कोरियात फ्रिजची दारं बसवतो,
रात्रपाळी करून दिवसा पडदे ओढून झोपतो.
"तेल लावतेस ना रोज?" फोनवर विचारतो,
तोंडात शेवया.
लावते.
मी दाराआड उभी राहून शिकले,
ओलं फडकं हातात धरून,
पुसायचं निमित्त करून.

तळपायांना, टाळूला, मग हळूहळू पाठीला.
इतकी वर्षं ह्या पाठीला मी हात लावला नव्हता.
खांद्याखाली एक तीळ आहे,
माझ्याही आहे, तिथेच.

एक सांगते, कुणाला बोलू नका.
सगळं आटोपलं, अंघोळ झाली, बुद्धापुढे फुलं ठेवली
की अप्पच्ची जायफळाच्या झाडामागे जाऊन
एक विडी ओढायचे.
आई कपाळाला हात लावायची.
"धूमपान दिनचर्येतच आहे," ते म्हणायचे,
आणि आहेही,
फक्त ते तंबाखूचं नाही.

परवा घाई झाली.
लीलासेनाची रिक्षा खाली येऊन थांबलेली,
इस्पितळात व्यायामाचा नंबर सातचा,
आणि केंद उतू गेलेली, सगळा हिरवा फेस चुलीवर.
कोमट तेलाची वाटी घेतली, त्यांचं डोकं कुशीत वळवलं
आणि जो कान वर आला त्यात थेंब सोडले.

सात महिन्यांत ह्या घरात त्यांचा शब्द नव्हता.
घशातून काहीतरी सरकलं,
ओल्या लाकडाचं दार सरकतं तसं:
"द…"
मला वाटलं, दुखतंय.
"दकु…"
डावा हात माझ्या मनगटावर.
"दकुण."

उजवा.
उजवा आधी, बये.
ज्या बाजूला ऐकू गेलं तरी उत्तर येत नाही,
ज्या बाजूचा गाल माझं बोट ओळखत नाही,
ती आधी.

कापसानं मी तेल टिपून घेतलं.
वाटी पुन्हा कोमट केली.
खाली हॉर्न वाजला, दोनदा,
तिसऱ्यांदा जरा लांब.
खिडकीतून सांगितलं, लीलासेना, वर ये,
केंद उरलीय वाटीभर, हकुरूचा खडा घे, बस.

मग डोकं दुसऱ्या कुशीवर,
आणि अगदी पहिल्यापासून:
अंगठा, पाणी, जीभ…

सातचा नंबर गेला.
लीलासेनानं केंद पिऊन वाटी चाटली,
आणि अप्पच्चींनी, डावा डोळा बारीक करून,
बराच वेळ
त्याच्या जिभेकडे पाहिलं.