त्रुटी

गंगाखेडच्या कॉलेजात जिन्याखालची खिडकी माझी.
वर पाटी : शिष्यवृत्ती विभाग.
पोरं तिला त्रुटीवाली खिडकी म्हणतात.

तेवीस वर्षं झाली. मदतीचे प्रकार पाठ आहेत.
सरकारची शिष्यवृत्ती, फी-माफी,
वसतिगृहाचा निर्वाह भत्ता,
बँकेचं शैक्षणिक कर्ज, त्याला जामीनदार,
जामीनदाराला पगारपत्रक,
पगारपत्रकाला पगार.
शिवाय एका किराणावाल्याच्या आईच्या नावाचं बक्षीस,
पाचशे एक रुपये,
मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीला.
अट एकच, फोटो काढताना हसायचं.

आज दैवशाला खंदारे आली. बी.एस्सी., पहिलं वर्ष.
आई झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवते.
"सर, साईट चालंना झाली."
रात्री दोनला उठून बघितलं म्हणे,
दोनला गर्दी कमी असती.
नुसतं चक्र फिरत राहिलं.
आधार जोडलेलं आहे, पण भलत्याच खात्याला,
मामाच्या गावी, शाळेत असताना
गणवेशाच्या पैशासाठी काढलेल्या.
त्यात अजून एकशे अठरा रुपये आहेत,
हे तिनं जरा ताठ होऊन सांगितलं.

उत्पन्नाचा दाखला बघितला. एकवीस हजार.
माझ्या खिडकीत येणाऱ्या सगळ्यांचं एकवीस हजारच असतं.
"तलाठ्यानं आईला विचारलं, उत्पन्न किती.
आई म्हणली, कोणत्या महिन्याचं?
उन्हाळ्यात तर शाळाच नसती."
मग त्यानं त्याच्या मनानं आकडा टाकला.

मी त्रुटी शोधायला लागलो. सवय.
रेशनकार्डावर दैवशाळा,
दहावीच्या सनदेवर दैवशाला.
एका ळसाठी
मी लाल पेन उचलला

आणि मला रबराचा वास आला.

व्यंकट मुंजाजी गायके. नऊ-दहा वर्षं झाली असतील.
त्याच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट होता.
मी लिहिलं : शिक्का अस्पष्ट, परत.
कागद परत गेला, पोरगं परत आलं नाही.
मुदत संपली. मी विसरलो.
मागच्या वैशाखात परभणी रोडला गाडी पंक्चर झाली.
त्यानंच चाक उघडलं,
ट्यूब पाण्यात धरली,
बुडबुड्यांवर बोट ठेवून म्हणाला,
"बगा सर, एवढुसंच असतं."
पैसे घेईना.
म्हणाला, तुम्ही आमच्या कॉलेजचे.
आमच्या, म्हणाला.
दीड महिना होता तो तिथं.

दर जुलैत नव्या पोरांसमोर मला उभं करतात,
मदतीचे प्रकार सांगा म्हणून.
मी तक्ता वाचतो.
झेरॉक्सवाल्या रुकय्याबाजींची उधारीची वही
त्या तक्त्यात नाही.
पेन्सिलीच्या खुणा न खोडता
पुस्तकं पुढच्या पोरीला देऊन जाणारी
तिसऱ्या वर्षाची कुणी, तीही नाही.
एका डब्यात दोघी जेवतात, मी बघतो,
दोघी म्हणतात, मला भूकच नसती.
ह्याला कुणी दाखला मागितलेला
मला आठवत नाही.

लाल पेन टोपण लावून ठेवला.
प्रतिज्ञापत्र करायचं तर शंभर-दोनशे जातात.
साध्या कागदावर लिहिलं,
दोन्ही नावं एकाच मुलीची,
मी तिला ओळखतो.
खाली सही केली.
मी तिला वीस मिनिटांपासून ओळखत होतो.
वरचे साहेब फेकतील कदाचित. बघू.

"आणि कमवा-शिकात बाग नको, सर,
प्रयोगशाळा द्या.
बाटल्या धुता धुता नावं तरी पाठ होतील."
लिहून घेतलं.

जाता जाता ती जिन्याशी थांबली.
"सर, ते एकशे अठरा रुपये
कसे काढायचे असतात?"

मी तक्त्याकडे बघितलं.